आर्तुरो गट्टी हॉल ऑफ फेमच्या लायकीचा होता का?

खासबागची पायरी
काल रात्री तालमीतल्या पोरांना बॉक्सर गट्टी आणि मिकी वॉर्ड यांच्या तीन झुंजींतली पहिली दाखवली, १८ मे २००२ ची. नववी फेरी. वॉर्डनं डावा ठोसा बरगडीखाली घातला, गट्टी गुडघ्यावर बसला, तोंड वेदनेनं पिळवटलेलं. तिथं कुणीही संपला असता. हा गडी उठला, मार खाल्ला आणि त्याच फेरीत उलटा वॉर्डवर चालून गेला. पोरं उठून उभी राहिली. निकाल वॉर्डच्या बाजूनं गेला, पण पोरांनी पहिलं नाव विचारलं ते गट्टीचं.

२०१३ ला त्याला कॅनास्टोटाच्या बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तेव्हापासून लोक म्हणतात, कारकीर्द तोकडी. ४० जिंकल्या, ९ हरल्या, ३१ नॉकआउट. दोन वजनी गटांत जागतिक पट्टा: १९९५ ला ट्रेसी पॅटरसनकडून, २००४ ला ब्रँकोला हरवून. 'द रिंग' मासिकानं १९९७, १९९८, २००२ आणि २००३ या चारही साली वर्षातली सर्वोत्तम झुंज निवडली ती याचीच. माझ्या मते तो पूर्ण लायक आहे.

आकडा बोलतो
दादा, झुंज बघताना माझ्याही अंगावर काटा येतो. पण त्याच्या काळातल्या खऱ्या मोठ्यांसमोर काय झालं ते बघा. २००१ ला डे ला होयानं पाचव्या फेरीत संपवला. २००५ ला अटलांटिक सिटीत, त्याच्याच माणसांसमोर, मेवेदरनं सहा फेऱ्या इतका एकतर्फी मारला की कोपऱ्यातल्यांनीच झुंज थांबवली. १९९८ या एका सालात तीन पराभव, त्यातले दोन एकट्या रॉबिन्सनकडून. आपल्या भाषेत सांगायचं तर एक नंबरची कुस्ती दोनदा मिळाली, डे ला होया आणि मेवेदरशी, आणि दोन्ही वेळा पाठ मातीला लागली.

आणि त्याच २०१३ च्या तुकडीत कोरियाचा म्युंग-वू युह होता. ३८ विजय, एक पराभव, पट्टा सलग १७ वेळा राखलेला. तो १९९३ ला निवृत्त झाला, म्हणजे वीस वर्षं दारात उभा. गट्टी २००७ ला थांबला आणि निवृत्तीनंतरची पाच वर्षांची अट पुरी होताच आत. हे मला पटत नाही, कधीच पटणार नाही.

गंगावेसचा
आकडाभाऊ, १९९६ ची विल्सन रॉड्रिग्झबरोबरची बघा आधी. दोन्ही डोळे सुजून बंद व्हायला आलेले, दुसऱ्या फेरीत खाली पडलेला, आणि सहाव्या फेरीत समोरच्याला झोपवला. पट्टा राखला भावा! ही निकाली कुस्ती. गुणांवर जिंकणारे ढीग असतात, मैदान भरतं ते निकाली कुस्तीला.

लाल माती
मैदान भरणं ही पैलवानाची ताकद आहे, मान्य. पण दोन गोष्टी कुणी बोलत नाही.

एक, कुस्ती जोडीची असते. वॉर्डबरोबरच्या तीन झुंजी गट्टीला आत नेत असतील, तर गट्टीला घेतला तेव्हा वॉर्डला का नाही?

दुसरी जास्त गंभीर. फेब्रुवारी २००० ची जोई गमाशविरुद्धची झुंज. वजन झाल्यापासून रिंगमध्ये उतरेपर्यंत गट्टी कितीतरी जड झाला होता. गमाश दुसऱ्या फेरीत पडला आणि त्याची कारकीर्द तिथंच संपली. वजनाच्या काट्यावरून आपल्याकडं किती भांडणं होतात ते तालमीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. या झुंजीचा उल्लेख न करता गट्टीचं कौतुक करणं मला जड जातं.

खासबागची पायरी
गमाशचं बरोबर आहे. मी ते वगळायला नको होतं.

पण मान देताना नुसती आकड्यांची वही बघितली तर काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. १९५२ ला कांस्यपदक आलं, ते १९८४ ला गेले, आणि अर्जुन पुरस्कार आला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

आकडा बोलतो
दादा, हे उदाहरण तुमच्या विरुद्ध जातं. खाशाबांची वही कोरी नव्हती, तिच्यात ऑलिंपिक पदक होतं. द्यायचं होतं ते दिलं नाही, हा अन्याय. खाशाबा युहसारखे आहेत, गट्टीसारखे नाहीत.

खासबागची पायरी
यावर माझ्याकडं उत्तर नाही. खाशाबांचं नाव मी चुकीच्या बाजूला ओढलं.

गट्टीबद्दल मात्र मत तेच. तिसऱ्या झुंजीत, जून २००३ ला, चौथ्या फेरीत त्याचा उजवा हात मोडला, सहाव्या फेरीत तो खाली गेला, तरी दहा फेऱ्या लढून जिंकला. आणि ज्या वॉर्डशी तीस फेऱ्या मारामारी केली, त्यालाच २००७ च्या शेवटच्या झुंजीला वस्ताद म्हणून कोपऱ्यात उभा केला. मेवेदरकडून हरला म्हणून हे पुसलं जात नाही. युहला वीस वर्षं थांबवलं हा मत देणाऱ्यांचा दोष, गट्टीचा नाही.

आकडा बोलतो
दोष त्यांचाच, पण रांगेत पुढं गेला तो गट्टीच. मी असतो तर त्याला मत दिलं नसतं.

गंगावेसचा
युहच्या झुंजी कुठं बघायला मिळतील? रविवारी पोरांना दाखवायच्या आहेत.