मदत हवी आहे : उन्हाळी कासव घरट्यांना सावली किती द्यावी?

कोकण किनाऱ्यावरच्या हॅचरीत (आणलेली अंडी वाळूत पुरून उबवण्याची राखीव जागा) ऑलिव्ह रिडले कासवांची मार्चमधली अंडी जास्त वाया जात आहेत. खड्डा दीड फुटाचा, तळाशी घागरीसारखा फुगीर. अंडी रात्रीतच आणि न फिरवता हलवलेली. (गर्भ कवचाला चिकटल्यावर अंडं उलटलं तर तो दगावतो, त्यामुळे इथे हयगय नाहीच.)

अडचण उष्णतेची आहे. अंड्यांच्या पातळीला वाळू ३४ अंशांवर गेली आहे आणि तेवढ्या खोलीवर ती रात्रीही फारशी उतरत नाही. ३१ च्या वर बहुतेक माद्याच निपजतात, ३५ च्या पुढे पिल्लं आतच मरतात.

५० टक्के ऊन अडवणारी शेडनेट (सावलीची जाळी) किती उंचीवर बांधावी? संध्याकाळी गोडं पाणी शिंपडलं तर बुरशी धरते का? ज्यांच्याकडे तापमानाच्या रोजच्या नोंदी आहेत त्यांनी कृपया सांगा, एप्रिल तोंडावर आहे.