डीबीएसनंतर आवाजावर परिणाम होतो का? पार्किन्सन्सच्या घरांतले अनुभव हवे आहेत

नमस्कार मंडळी,

आईचं वय ६४, पार्किन्सन्सला दहाएक वर्षं झाली. आम्ही परळला राहतो. तिच्या न्यूरोलॉजिस्टनी आता डीबीएस सुचवलं आहे, म्हणजे मेंदूत बारीक तारा बसवायच्या आणि छातीत त्वचेखाली ठेवलेल्या बॅटरीतून त्यांना सतत हलका वीजप्रवाह द्यायचा. घरात एकमत होत नाहीये.

सिंडोपाची (म्हणजे पार्किन्सन्सवरचं लेव्होडोपा हे औषध असलेली) गोळी पूर्वी अर्धा दिवस साथ द्यायची, आता अडीच-तीन तासांत उतरते. अंगात भिनली की मान आणि खांदे आपोआप हलत राहतात, उतरली की साधी कूस बदलता येत नाही. उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटतात. फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरून तिथे रंगीत पट्ट्या लावल्या, पट्टी ओलांडायची म्हटलं की पाऊल उचलतं. (ज्यांच्या घरी हा त्रास आहे त्यांनी जरूर करून बघा.) गोळी जेवणाआधी अर्धा तास देतो. डाळ, पनीर, अंडी रात्रीच्या जेवणात, कारण प्रथिनं लेव्होडोपाच्या शोषणाला आडवी येतात.

शस्त्रक्रियेआधीची चाचणी झाली. रात्रीपासून गोळ्या बंद ठेवून सकाळी तपासलं, मग गोळी देऊन पुन्हा तपासलं. निदान ३० टक्के तरी सुधारणा दिसावी अशी अपेक्षा असते, आईची त्याहून बरीच जास्त आली. गोळीने जे सुधारतं तेच साधारण डीबीएसने सुधारतं, फक्त परिणाम दिवसभर टिकतो, असं डॉक्टरांनी समजावलं. आजार पुढे सरकायचा थांबत नाही, हेही स्पष्ट सांगितलं.

बाबांना हा मेंदूवरचा प्रयोग वाटतो. त्यांच्यासाठी मी बरंच वाचलं. फ्रान्समधल्या ग्रेनोबलला न्यूरोसर्जन आलिम-लुई बेनाबिद यांना १९८७ मध्ये दिसलं, की मेंदूच्या ठरावीक जागी जलद गतीचा वीजप्रवाह दिला की थरथर थांबते, आणि प्रवाह बंद केला की परत येते. म्हणजे पूर्वीसारखा तो भाग जाळून टाकायची गरज उरली नाही. अमेरिकेतले न्यूरोलॉजिस्ट माहलॉन डिलाँग यांच्या गटाने १९९० मध्ये माकडांवर दाखवलं, की पार्किन्सन्समध्ये सबथॅलॅमिक न्यूक्लियस हा छोटासा भाग अति काम करत असतो आणि तो शांत केला की हालचाल सुटते. या दोन कामांतून आजचं डीबीएस उभं राहिलं, २०१४ चा वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार दोघांना मिळून दिला गेला. हे सगळं ऐकल्यावर बाबा थोडे निवळले.

अडली आहे ती आई. ती लग्न होऊन या चाळीत आल्यापासून भजनी मंडळात गाते. आजाराने आवाज बारीक झालाय, तरी गोळी लागू असताना अभंग पूर्ण म्हणते. डॉक्टर म्हणाले, सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये तारा बसवल्यावर काहींचे उच्चार अस्पष्ट होतात, काहींना शब्द पटकन आठवत नाहीत. आई म्हणते, "हात हलू देत, पण गळा गेला तर मी एकादशीला नुसती बसून राहू?" मला तिचं म्हणणं हट्टाचं वाटत नाही.

म्हणून विचारते:

ज्यांच्या घरी डीबीएस झालं आहे, त्यांचं बोलणं वर्षभरानंतर कसं होतं? बिघडलं असेल तर प्रवाहाचं सेटिंग बदलून सुधारलं का? कोणी ग्लोबस पॅलिडस ही दुसरी जागा निवडली आहे का? तिथे गोळ्या फारशा कमी होत नाहीत असं सांगितलंय, आम्हाला ते चालेल. आणि गाणारं कोणी असेल तर सूर, दम, ताल याबद्दल मुद्दाम लिहा. तबल्याच्या ठेक्यावर आईचं चालणंसुद्धा सुधारतं, त्यामुळे तालाचं मला फार कुतूहल आहे.

बॅटरी चार्ज करायची घेतलीत की काही वर्षांनी बदलायची? आई ते चार्जिंग स्वतः करू शकेल का, हा प्रश्न आहे.

कृपया खाजकुयलीचं चूर्ण सुचवू नका. त्यात मुळातच लेव्होडोपा असतं, सिंडोपासोबत मनाने सुरू केलं तर सगळं प्रमाण बिघडतं. मामांशी यावरून बोलून झालंय.

इथे लिहायचं नसेल तर व्यनि करा. आईला फोनवर कोणाशी बोलता आलं तर फारच बरं, तिला माझ्यापेक्षा त्यातून गेलेल्या माणसाचं पटेल. दुपारी चारनंतर तिची गोळी लागू असते, तेव्हा ती नीट बोलते.