अनुभव धागा: अर्धामुर्धा वितळलेला बर्फ आणि धबधब्याची वाट

रानजाई
काल कपाट आवरताना तळाशी एक हातमोजा सापडला. एकच, उजव्या हाताचा. नवऱ्याला विचारलं, टाकू का? तो म्हणाला, "राहू दे तो." मग आवरणं तसंच राहिलं.

मार्च संपत आला होता. खाली वाट कोरडी, झाडांना कोंब फुटलेले, म्हणून साध्या बुटांवरच निघालो. वर सावलीत बर्फ लागला, पण भुसभुशीत, पाय छान रुतत होते. धबधब्याचा आवाज यायला लागला तसे आम्ही भराभर चालू लागलो. शेवटच्या वळणावर नुसती काच होती. धबधब्याचे तुषार रात्रभर वाटेवर उडून थरावर थर गोठलेले. दुसऱ्याच पावलाला सटकले. त्याने हात धरला, पण मी खाली गेले आणि त्याच्या हातात हातमोजा राहिला. डाव्या हाताने बर्फ ओरबाडत होते, त्या हातमोज्याच्या चिंध्या झाल्या. वीसेक फुटांवर एक आडवं पडलेलं खोड होतं, त्याला अडकले. खोडापलीकडे घळ होती.

खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. धबधबा मात्र पाहिलाच नाही, नुसता ऐकला. अशा अधल्यामधल्या दिवसांत कोण कोण गेलंय? लिहा ना.

देवचाफा
बापरे!! वाचतानाच हात गार पडले. तो हातमोजा अजिबात टाकू नकोस गं.

पायपीट
तुषारांचा बर्फ सगळ्यात वाईट. आकाशातून पडलेला बर्फ पायाखाली दबतो, हा दबतच नाही. आणि धबधब्याच्या जितकं जवळ जावं तितका जाड. आम्ही बुटांवर मायक्रोस्पाइक्स (रबराच्या पट्ट्याला साखळी आणि दाते) चढवून गेलो होतो. चढताना काही वाटलं नाही, उतरताना पहिल्या दहा पावलांत कळलं की आपण कुठे आलोय. मायक्रोस्पाइक्सचे दाते बारीक असतात, हलक्या चढाला ठीक. तीव्र उतारावर क्रॅम्पॉनच (बुटाला बांधायचे लांब, टोकदार दाते) लागतात, आणि ते लावून चालायची सवयही लागते. दोन्ही एकच समजणारे बरेच भेटतात म्हणून लिहिलं.

कातळवेल
आमचं सटकणं नाही, बुडणं. सकाळी ७ ला जाताना मध्ये ओढा आहे हे कळलंच नव्हतं, सगळं एकसारखं पांढरं आणि टणक. दुपारी २ ला त्याच पाऊलखुणांवरून परत येत होतो. आई पुढे. एकदम मांडीपर्यंत आत गेली आणि ओरडली, "खाली पाणी वाहतंय रे!" तिच्या पायाखालून खळखळ ऐकू येत होती. वरून ऊन आणि खालून पाणी, दोन्हीकडून बर्फ खाल्ला गेलेला, मध्ये नुसतं छप्पर उरलेलं. तिला म्हटलं उभी राहायचा प्रयत्न करू नकोस, आडवी हो. मी पोटावर झोपून काठी पुढे केली आणि ती सरपटत बाहेर आली. बूट आत राहता राहता वाचला.

जाताना ज्या खुणा भरवशाच्या, त्याच येताना फसव्या. हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

सांजवारा
@कातळवेल आईंचं वय काय तेव्हा? कमाल आहे त्यांची.

कातळवेल
६३. बाहेर आल्यावर आधी मलाच विचारलं, तुला कुठे लागलं का.

देवचाफा
आई ती आईच 🙏

मोरपिशी
खडकांच्या कडेलाही असंच होतं. उन्हाने दगड तापतो, त्याच्या भोवतीचा बर्फ आधी वितळतो आणि वरून दिसत नाही अशी पोकळी राहते. मी बसायला मोठा दगड बघून गेले आणि कंबरेपर्यंत फट. तेव्हापासून पुढे काठी खुपसून बघितल्याशिवाय पाऊल टाकत नाही.
(एका हाताने टाइप करतेय, पिल्लू मांडीवर झोपलंय, चुका समजून घ्या)

निळाई
मी सुरक्षित अनुभववाली. मार्चमध्ये नायगारा पाहिला. आदल्या रात्रीचे तुषार कठड्यावर गोठून मनगटाएवढी जाड कवचं तयार झालेली. तिथेच कळलं की २९ मार्च १८४८ ला हा धबधबा जवळजवळ थांबला होता! ईरी सरोवरातला बर्फ वाऱ्याने नदीच्या तोंडाशी येऊन अडकला आणि पाणीच येईना. लोक कोरड्या पात्रात उतरून फिरले. पूर्वी हिवाळ्यात धबधब्याखाली बर्फाचा पूल तयार व्हायचा, त्यावरही लोक हिंडायचे. ४ फेब्रुवारी १९१२ ला तो फुटला, तिघं गेले, आणि मग तिथे जायला बंदीच आली. कठड्याला धरून मी बराच वेळ त्या तिघांचाच विचार करत होते.

सांजवारा
अमेरिकेतल्या योसेमिटी धबधब्यापाशी मार्च-एप्रिलच्या थंड पहाटे अजून एक चमत्कार दिसतो, फ्रेझिल आइस. तुषारांचे बारीक बर्फकण ओढ्यात मिसळतात आणि ओढा पातळ गिलाव्यासारखा सरपटत येतो. कधीकधी पात्र सोडून भलतीकडेच वळतो. मी पुलावरून पाहिलं. आवाज वाहत्या पाण्याचा नसतो, वाळू चाळल्यासारखा असतो. ७३९ मीटरचा तो धबधबा डोक्यावर असताना माझी नजर पायाखालच्या त्या लगद्यावरून हटत नव्हती.

पायपीट
+१. आणि ऊन चढल्यावर कड्यावरचे बर्फाचे सुळे सुटतात, त्यांच्याखाली थांबू नये. आम्ही जिथे बॅग ठेवली होती तिथेच एक येऊन फुटला. बॅगेचं कापड आरपार फाटलं. पाच मिनिटांपूर्वी माझी बहीण तिथे बसून बुटाची नाडी बांधत होती.

ओलीमाती
सगळ्यांचं वाचून बाबा आठवले. आम्ही दोघं गेलो होतो, धबधबा समोर दिसत होता, शंभरेक पावलं. बाबा थांबले. म्हणाले, मला इथून छान दिसतंय. माझी खूप इच्छा होती पुढे जायची, मी रागावलेच. त्यांनी काही समजावलं नाही, नुसते थांबले. अर्धा गोठलेला, अर्धा वाहता, मधला बर्फ निळसर. आम्ही तिथेच उभं राहून पाहिला. आता बाबा नाहीत. राग कधीच गेला, तो निळा रंग आहे.

रानजाई
@ओलीमाती 🫂 काय लिहू गं.

मोरपिशी
ओलीमाती, जवळ ये.

देवचाफा
अवांतर: बर्फात फोन बंद पडतो त्याला काय करावं? ७० टक्के होता आणि एकदम काळा.

निळाई
आतल्या खिशात, अंगाजवळ ठेव. गारठ्याने बॅटरी मान टाकते, ऊब मिळाली की बऱ्याचदा परत सुरू होतो. पण वाटेचा नकाशा कागदावर असू दे. आणि काळा चष्मा विसरू नकोस, ताजा बर्फ ऊन जवळपास सगळं परत फेकतो. माझे डोळे संध्याकाळभर वाळू गेल्यासारखे झाले होते.

रानजाई
नवरा मागे उभा राहून सगळे प्रतिसाद वाचतोय. @पायपीट, तो विचारतोय, मायक्रोस्पाइक्सच्या दात्यांना धार लावावी लागते का?

पायपीट
दगडांवरून चालून बोथट झाले असतील तर कानस हलकी फिरवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरी आल्यावर पुसून पूर्ण वाळवा, ओले पिशवीत ठेवले की गंजतात. निघायच्या आदल्या दिवशी साखळीची एकेक कडी ओढून बघा. रबर ताणून चिरा दिसतात का तेही. तुमचं माप किती आहे?

रानजाई
त्याचं ९. माझं बघून सांगते, बूट बाहेर आहेत.