मदत हवी आहे : गवत कापायचं मशीन चोक काढला की बंद पडतंय (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात कसबा बावड्याकडच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. आमच्या मैदानावर मुलींचा फुटबॉलचा सराव चालतो. कोल्हापूर आणि फुटबॉल हे काय नातं आहे ते वेगळं सांगायला नको, पण मुलींच्या वाट्याला मैदान कमीच येतं. म्हणून आहे तेवढं आम्ही जिवापाड जपतो. यंदा पाऊस असा लागून राहिला की राजाराम बंधाऱ्यावर पाण्यानं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली, शाळेला सुट्टी पडली आणि तीन आठवडे मैदानाकडं कुणी फिरकलं नाही. आता गवत घोट्याच्या वर गेलंय. परवा त्या गवतात दडलेल्या खड्ड्यात सातवीतल्या एका मुलीचा पाय मुरगळला. गणपतीनंतर स्पर्धा आहेत.

मशीन ढकलत चालवायचं आहे. पेट्रोलवरचं, फोर स्ट्रोक, १६३ सीसी. माजी विद्यार्थिनींनी वर्गणी काढून दिलेलं, त्यामुळं भंगारात घालून नवीन घ्या हा सल्ला कृपया देऊ नका.

दुखणं असं. चोक ओढून दोन-तीन दोऱ्या मारल्या की चालू होतं. चोक अर्धा ठेवला तर बऱ्यापैकी चालतं. पूर्ण काढला की आवाज चढउतार करायला लागतो, घुंऽऽ करून चढतं, लगेच बसतं, परत चढतं, आणि मिनिटभरात बंद. जाड गवतात घातलं तर तेवढंही टिकत नाही, पातं अडकल्यासारखं होऊन गप्प होतं.

आमच्या शिपाई मामांनी एअर फिल्टरचा स्पंज धुतला. प्लग नवीन घातला. उद्यमनगरात ओळखीच्या एका मेकॅनिककडं नेलं, त्यानं कार्बोरेटर उघडून हवा मारून दिली. दोन दिवस झकास चाललं, तिसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. परत नेलं, परत साफ केलं, परत दोन दिवस. आता तो म्हणतोय कार्बोरेटर नवीन टाका आणि तोवर गव्हर्नरची (इंजिनाचा वेग एकसारखा राखणाऱ्या भागाची) स्प्रिंग ओढून रेस वाढवून देतो. तसं करू का? मला मशीनमधलं फारसं कळत नाही, पण सांगाल ते उघडून बघायची तयारी आहे. मामा आणि मी दोघं मिळून करू.

प्रतिसाद (इचलकरंजी)

ताई, स्प्रिंगला हात लावू देऊ नका. या इंजिनांची कमाल रेस ३६०० फेऱ्यांच्या आसपास बांधलेली असते आणि पातं थेट क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या टोकाला असतं. स्प्रिंग ओढून रेस वाढवली आणि दगड उडाला तर मैदानावरच्या मुलींना लागेल. मूळ दुखणंही तसंच राहील.

तो चढउतार गव्हर्नरचा दोष नाही, गव्हर्नर त्याचं काम करतोय. इंजिनाला पेट्रोल कमी पडलं की फेऱ्या पडतात. गव्हर्नर थ्रॉटल, म्हणजे कार्बोरेटरमधली झडप उघडतो, थोडं पेट्रोल खेचलं जातं, फेऱ्या चढतात, मग तो थ्रॉटल मिटतो आणि पुन्हा उपासमार. आम्ही याला हंटिंग म्हणतो. चोक ओढला की हवा अडते आणि पेट्रोल जास्त खेचलं जातं, म्हणून अर्ध्या चोकवर सुधारतं. म्हणजे एक तर पेट्रोल पुरत नाही, नाहीतर कार्बोरेटरच्या मागून कुठून तरी फुकटची हवा शिरतेय.

चार गोष्टी सांगा. जुन्या प्लगचं टोक कसल्या रंगाचं होतं? टाकीचं झाकण सैल करून चालवलंय का? मशीन दगडावर आपटलं होतं का? आणि टाकीत पेट्रोल कधीचं आहे?

धागाकर्ती

दादा, लगेच उत्तर दिलंत, आभारी आहे. जुना प्लग मामांनी जपून ठेवला होता. टोक पांढुरकं आहे, काजळी अजिबात नाही. झाकण सैल करून चालवलं, काही फरक नाही. दगडावर जूनमध्ये एकदा जोरात आपटलं होतं, पण त्यानंतर महिनाभर चांगलं चाललं. पेट्रोल सुट्टीच्या आधीचं, टाकीत पाव भाग होतं. त्यावरच कॅनमधलं नवीन ओतलं. कॅन पत्र्याच्या शेडमध्ये असतो, झाकण नीट बसत नाही.

प्रतिसाद (गडहिंग्लज)

मॅडम, मी शेतीची औषध फवारणीची आणि कोळपणीची मशिनं दुरुस्त करतो. तुमचं इंजिन त्यांचंच भावंड.

दगडावर आपटलं की फ्लायव्हीलची (इंजिनावरच्या जड चाकाची) चावी, म्हणजे ते चाक जागेवर धरणारी पट्टी, कापली जाऊ शकते आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ सरकते, हे खरं. त्यामुळं तो प्रश्न बरोबर विचारलाय. पण टायमिंग बिघडलं असतं तर दोरी ओढताना हाताला उलटा झटका बसला असता, आणि चोक ओढून ते सुधारलं नसतं. झटका बसत नसेल तर फ्लायव्हील आत्ता खोलू नका. पांढरा प्लग आणि अर्धा चोक, दोन्ही पेट्रोल कमी पडतंय हेच सांगतात.

माझं लक्ष तुमच्या "दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी तेच" या वाक्यावर गेलं. कार्बोरेटर साफ केल्यावर चाललं म्हणजे कार्बोरेटर मेलेला नाही. नवीन टाकला तरी तिसऱ्या दिवशी तोही तुंबेल. कचरा वरून येतोय. टाकी, कॉक आणि रबरी पाईप बघा.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्या जिल्ह्याला ते परकं नाही, कारखान्यांच्या मळीतूनच इथेनॉल निघतं, ऊसवाल्याला त्याचे पैसे मिळतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जुन्या छोट्या इंजिनाला दोन गोष्टी सोसत नाहीत. इथेनॉल पाणी ओढून घेतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात अर्धवट टाकी आणि उघडा कॅन म्हणजे पाण्याला आमंत्रणच. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉलला घेऊन तळाला बसतं, आणि इंजिन तळातलंच ओढतं. दुसरं म्हणजे जुन्या प्रकारचं रबर त्यानं फुगतं आणि आतून सुटायला लागतं.

शिवाय साध्या पेट्रोलला जळायला वजनानं १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. जेटचं, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या पितळी तुकड्याचं भोक तेवढंच, त्यातून इथेनॉल मिसळलेलं गेलं की मिश्रण मुळातच थोडं कोरडं, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी असं होतं. नवीन जेटला ते निभावतं. अर्धवट तुंबलेल्याला नाही.

आता करायचं काय ते. आधी प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा, पात्याजवळ हात जाणार आहे. इंजिन थंड असू दे, शेडच्या बाहेर या, आसपास कुणी विडी ओढत नाही ना बघा. कॉक बंद करून कार्बोरेटरच्या वाटीखाली घरातली स्टीलची वाटी धरा आणि १० नंबरच्या पान्यानं बोल्ट काढा. काय पडतंय ते उजेडात बघा. मग पाईप कॉकपासून सोडवून टाकी पूर्ण रिकामी करा. पाईप मधोमध वाकवून आतला भाग तपासा. जेट काढलात तर त्याच्या वर एक पितळी नळी असते, बाजूला बारीक भोकं असलेली. हवा मारणारे बहुतेक जण ती बाहेर काढतच नाहीत. जेट काढला की ती खाली सरकते. भोकात तार किंवा सुई घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की कायमचं बिघडलं. कार्ब क्लीनर मारा, भिजू द्या, परत मारा. वाटीचं आणि इंजिनाकडचं पॅकिंग फाटलंय का तेही बघून घ्या.

धागाकर्ती

रविवारी बसलो. जे दिसलं ते सविस्तर लिहिते, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

वाटीतलं पेट्रोल स्टीलच्या वाटीत घेऊन उन्हात धरलं. वरचं पिवळसर स्वच्छ. पण वाटी तिरकी केली की तळाशी एक वेगळा थर सावकाश सरकताना दिसत होता, गढूळ, वरच्यात न मिसळणारा. त्यात काळे कण, बोटावर घेऊन चोळले की शाई लागल्यासारखं काळं होत होतं. ते पाईपचं रबर होतं. पाईप वाकवला तर बाहेरून धडधाकट, आतून भेगाळलेला, आणि नखानं खरवडलं की पापुद्रे निघत होते. टाकीच्या कॉकवरची बारीक जाळी तर नव्हतीच. कधी गेली कुणास ठाऊक.

पितळी नळी तुम्ही सांगितल्यासारखीच होती. मामांनी ती आभाळाकडं धरली. एका बाजूच्या भोकांतून उजेड आला, दुसऱ्या बाजूची बुजलेली, हिरवट पांढरं काहीतरी साचलेलं. दोन वेळा मेकॅनिककडं गेलो, पण ही बाहेर आलीच नव्हती असं दिसतंय. तो माणूस वाईट नाही, त्यानं पैसेही जास्त घेतले नाहीत. पण ज्या जागी कचरा होता तिथपर्यंत हात पोचला नाही.

दुपारभर नळी क्लीनरमध्ये बुडवून ठेवली. सगळी भोकं मोकळी झाली. पेट्रोलसाठीचाच नवीन पाईप आणला, मध्ये छोटा पारदर्शक फिल्टर बसवला, टाकी दोनदा खळबळून घेतली, कॉकला नवी जाळी. पॅकिंग शाबूत होतं.

तिसऱ्या दोरीला चालू झालं. चोक पूर्ण आत ढकलला आणि आम्ही दोघंही श्वास धरून उभे राहिलो. एकसारखा आवाज. चढ नाही, उतार नाही. मामांनी गोलपोस्टपासून मधल्या रेषेपर्यंत एक पट्टा मारला, तोही ओल्या गवतात, कुठं अडकलं नाही. आज तिसरा दिवस आहे. फिल्टरमध्ये पेट्रोल स्वच्छ दिसतंय आणि निम्मं मैदान कापून झालंय. उरलेलं उद्या.

एक विचारायचं राहिलं. पावसाळा संपला की मशीन तीन-चार महिने फारसं लागत नाही. टाकी भरून ठेवायची की रिकामी?

प्रतिसाद (गडहिंग्लज)

वा मॅडम, मामांना सांगा हात चांगला आहे. एवढ्या दिवसांसाठी रिकामीच ठेवा. टाकीतलं काढून कुठल्या तरी गाडीत वापरून टाका, मग कॉक उघडा ठेवून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, शेवटी वाटीच्या बोल्टातून उरलेलं गाळून घ्या. कॅन घट्ट झाकणाचा घ्या आणि दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच पेट्रोल आणत जा. मशीन आडवं करायची वेळ आली तर एअर फिल्टरची बाजू वर ठेवा, नाहीतर इंजिनातलं ऑईल एअर फिल्टरमध्ये उतरतं आणि पुढच्या वेळी पांढऱ्या धुराचा नवा धागा काढाल.

प्रतिसाद (इचलकरंजी)

आणि ताई, जूनच्या त्या दगडानं पात्याची धार एका बाजूला मोडली असेल तर ते काढून मधल्या भोकातून खिळ्यावर अडकवून बघा. एक बाजू खाली झुकली तर ती जड आहे, तेवढी घासून घ्या. हँडल हाताला जास्त थरथरत असेल तर कारण बहुतेक हेच.

धागाकर्ती

थरथरतंय खरं. उरलेलं मैदान कापायच्या आधी उद्या सकाळी पातं काढते.