रझांनी लँडस्केप खरंच सोडलं होतं का?

जलरंगवेडा:
मंडळी, मी जलरंगात लँडस्केप करतो आणि सध्या चित्रकार सैयद हैदर रझांनी पार झपाटलंय. चाळीसच्या दशकातली त्यांची मुंबई बघा, पावसातला फ्लोरा फाउंटन, ओले रस्ते, सगळं कसं सरसर उतरलेलं. आणि नंतर एकदम मोठे गोल बिंदू न् त्रिकोण! आमच्या ग्रुपमधे सगळे म्हणतात पॅरिसला जाऊन त्यांनी लँडस्केप सोडलं. मला ते पटत नाही पण नीट मांडताही येत नाहीये. मधे नेमकं काय झालं?

नागपूरकर:
सोडलं कुठलं हो. आमच्या नागपुरात शिकले, मग मुंबईचं जेजे कला महाविद्यालय. १९४८ ला काश्मीरमधे फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ भेटला, तो म्हणाला चित्रं चांगली आहेत पण बांधणी कच्ची आहे, सेझान बघ, म्हणजे तो फ्रेंच चित्रकार. १९५० ला स्कॉलरशिपवर फ्रान्सला गेले ते हेच डोक्यात घेऊन. त्यानंतरची फ्रेंच गावं बघा, घरं म्हणजे नुसते ठोकळे, एकमेकांना घट्ट खेटून बसलेले, ना माणूस ना सावली, आणि काही चित्रांत तर सूर्यच काळा. १९५६ ला तिथल्या समीक्षकांचा पुरस्कार मिळाला तो गावं रंगवणाऱ्या रझांना, बिंदूवाल्या नव्हे.

रंगपेटी:
+१. आणि माध्यमाकडे पण बघा ना, ते कुणी बोलतच नाही. फ्रान्समधे तैलरंग हाती आले तसा रंगाचा थर जाड होत गेला, घरं त्या थरात विरघळायला लागली, चर्च कुठलं न् झाड कुठलं ते शोधावं लागतं. मग १९६२ ला शिकवायला अमेरिकेत बर्कलेला गेले, तिथे अमूर्त चित्रकार रॉथ्कोची चित्रं बघून हलले, पुढे झटपट वाळणारं अ‍ॅक्रिलिक घेतलं आणि हात परत मोकळा झाला. सत्तरच्या दशकातलं 'ला तेर' (म्हणजे जमीन) काळंभोर आहे, आतून लाल-केशरी धग येते. ती मध्य प्रदेशातल्या मंडल्याकडच्या, त्यांच्या लहानपणच्या जंगलातली रात्र आहे, वडील वनखात्यात होते त्यांचे. म्हणजे समोर बसून रंगवणं सुटलं, जमीन नाही सुटली.

जलरंगवेडा:
ताई, हेच हवं होतं! आणि नागपूरकर, तो काळा सूर्य म्हणजे पुढचा बिंदूच वाटायला लागला मला आता.

जेजेवाला:
सूर्याचा बिंदू झाला असं सरळ जोडू नका. लहानपणी मास्तरांनी भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघत बसवलं होतं, बिंदूचं मूळ म्हणून ती आठवण रझा स्वतः सांगायचे. १९८३ चं 'सौराष्ट्र' मी लँडस्केपच मानतो, चौकोनांत कापलेलं असलं तरी त्या लाल-पिवळ्यात ऊन आहे, तापलेली माती आहे. पण शेवटच्या वर्षांतले कितीतरी बिंदू मला कोरडे वाटतात, आकृती तीच आणि जागा कुठलीच नाही. तिथे मात्र तुमच्या ग्रुपचं म्हणणं मला मान्य आहे.