मदत हवी आहे: पर्यटकांना द्यायच्या घरात कोणतं सामान ठेवावं?

नमस्कार मंडळी. नागपुरात प्रतापनगरला आमचा वरचा मजला रिकामा आहे. दिवाळीनंतर तो पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने द्यायचं ठरलंय. पेंच-ताडोब्याला जाणारे आणि दीक्षाभूमीला येणारे लोक जास्त असतील, असा अंदाज.

चादरी, टॉवेल, बादल्या-मग झाले. घरगुती सिलिंडर व्यवसायाला चालत नाही, म्हणून इंडक्शन शेगडी घेतली. घोडं अडलंय ते संपणाऱ्या वस्तूंपाशी. सफारीवाले पहाटे तीन-साडेतीनला उठणार, तेव्हा दुकान कुठलं उघडं असतं? म्हणून चहापत्ती, साखर, दूध पावडर आणि एक चांगला थर्मास हवाच, यावर मी ठाम आहे. पण तेल, तिखट, हळद? सौ. म्हणते, उघडलेली बरणी पुढचा पाहुणा हात लावत नाही, त्यापेक्षा छोटी पाकिटं ठेवा. मलाही ते पटतंय, पण वाया किती जाईल?

खरी काळजी उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, बाहेरगावच्या माणसाला त्याची सवय नसते. माठ, ओआरएसची पाकिटं आणि कूलर नक्की ठेवणार. मात्र कूलरच्या टाकीत पाणी साचलं की डास होतात. दर पाहुण्यानंतर टाकी कोरडी करता का? डासांसाठी मशीन पुरतं की मच्छरदाणीही द्यावी?

साबण, कपड्यांची पावडर, टॉयलेट पेपर मुक्कामापुरतं मोजून देता की भरपूर ठेवता? ज्यांनी घर असं चालवलंय, त्यांनी कृपया सविस्तर सांगा.