मदत हवी आहे : शेडवरून विमान खालून जातंय, कोंबड्या मरायल्यात, भरपाई कोणाकडं मागायची?

शेडवाला५०००
डोकं काम करेना म्हणून इथं लिहायलोय. माझं पोल्ट्रीचं शेड आहे, ५००० पक्ष्यांचं. दोन महिने झाले, ते लोक रोज सकाळी शेडवरून जायलेत. इतकं खालून की पत्रा थरथरतो. मंगळवारी साडेसातला लागोपाठ तीनदा आले. पक्षी बिथरून एका कोपऱ्यात ढिगानं जमले, खालचे गुदमरले. १८७ गेले. बॅच ३१ दिवसांची होती. गेटवर गेलो तर वॉचमन म्हणला साहेबाची अपॉइंटमेंट लागती. पोलीस म्हणले तहसीलला जा. तहसीलात म्हणले आकाश आमच्याकडं नाही. जमीन आजोबापासूनची, सातबारा माझ्या नावावर. नोटीस कोणाच्या नावानं काढायची अन् किती मिळतील, एवढंच सांगा. फालतू सल्ले नकोत, बाकीचा माल आठ दिवसात उचलणार आहेत.

मोंढ्यातला
"ते लोक" म्हणजे कोण दादा? विमान, हेलिकॉप्टर का ड्रोन? जिल्हा कोणता?

शेडवाला५०००
विमान. शीर्षकात लिहिलंय की. इथल्या खाजगी विमान शाळेतल्या शिकाऊ पोरांचं छोटं विमान. जिल्हा सांगत नाही, गावात आधीच तापलंय. मराठवाडा समजा.

गोदाकाठ
शिकाऊ नसतंय ते. ढग पळवायचं विमान आहे. आमच्याकडं पैठण भागात ढग भरून आले की घिरट्या सुरू, अन् घिरट्या झाल्या की आभाळ मोकळं. द्राक्षवाल्यांनी लावलेलं असतंय. ग्रामसभेत ठराव घ्या.

निवृत्त_तंत्रज्ञ
गोदाकाठ, ढग पळवणारं विमान अजून बनलं नाही. २०१५ ला आणि २०१९ ला छत्रपती संभाजीनगरातून विमानं उडाली ती पाऊस पाडायच्या प्रयोगासाठी. ढगात मिठाच्या नाहीतर सिल्व्हर आयोडाइडच्या नळकांड्या पेटवायचे. ते काम ढगाच्या बुडाशी नाहीतर ढगात चालतं, कोंबड्यांच्या पत्र्यावर नाही. आणि एप्रिलात कोणते ढग?

शेडवाले भाऊ, शेड धावपट्टीपासून किती लांब?

शेडवाला५०००
लांब आहे. दीड किलोमीटर.

गणितमास्तर_औसा
दीड किलोमीटर म्हणजे लांब?? उतरणारं विमान साधारण ३ अंशांच्या उतारानं येतं. ३ अंशांचा टॅन ०.०५२४. दीड किलोमीटरवर ७९ मीटर होतात. धावपट्टीच्या तोंडाशी ते साधारण १५ मीटरवर असतं, ते मिळवा. ९४ मीटर, म्हणजे ३०० फुटांच्या आसपास. तुमच्या शेडवरून ३०० फुटांवरून जाणं त्यांना भागच आहे. विमान काही बसस्टँडवरच्या लालपरीसारखं जागच्या जागी थांबत नाही. विषय संपला.

कोर्टाची_पायरी
मास्तर, गणित बरोबर, निकाल घाईत. (मी एलएलबी तिसऱ्या वर्षाला आहे, वकील नाही, आधीच सांगते.)

जुन्या विमान कायद्यात, १९३४ च्या, कलम १७ होतं. वारा, हवामान, परिस्थिती बघता वाजवी उंचीवरून विमान गेलं, तर निव्वळ गेलं म्हणून अतिक्रमणाचा किंवा उपद्रवाचा दिवाणी दावा लावता येत नाही. आता त्या जागी भारतीय वायुयान अधिनियम २०२४ आहे, १ जानेवारी २०२५ पासून लागू. वकिलाला नव्या कायद्यातली तरतूद काढायला सांगा. मुद्दा दोन शब्दांत आहे, "वाजवी" आणि "निव्वळ". सातबारा दाखवून काही होणार नाही, तो आभाळापर्यंत जात नाही.

अमेरिकेतला एक खटला मात्र अगदी तुमच्यासारखा आहे. नॉर्थ कॅरोलिनात विमानतळाशेजारी एका माणसाचा कोंबड्यांचा धंदा होता. लढाईच्या काळात लष्करी विमानं त्याच्या जागेवरून ८३ फुटांवरून जायची. कोंबड्या घाबरून भिंतीवर आपटायच्या, १५० च्या आसपास मेल्या, धंदा बंद पडला. १९४६ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जमिनीचा मालक आभाळाचाही मालक हे जुनं तत्त्व विमानांच्या काळात चालणार नाही. पण इतक्या खालून, इतक्या वारंवार उडून जमीन वापरायलाच येत नसेल, तर सरकारनं ती जमीन घेतल्यासारखंच आहे, भरपाई द्या.

मोंढ्यातला
तिथं सरकारनं दिली ताई, कारण विमानं सरकारची होती. इथं खाजगी शाळा. अन् अमेरिकेचा निकाल आपल्या तालुक्याच्या कोर्टात कोण वाचणार, स्टॅम्पवाला?

कोर्टाची_पायरी
बंधनकारक नाही हे मला माहीत आहे. युक्तिवादाची दिशा सांगितली. आणि ८३ फूट कुठे, मास्तरांचे ३०० कुठे, हेही माहीत आहे.

शेडवाला५०००
अहो ते माझ्या शेडवरून उतरत नाहीत! धावपट्टी उगवती-मावळती आहे, माझं शेड दक्षिणेला, कॅनॉलच्या पलीकडं. आडवं येतंय. आधी इंजिनचा आवाज जवळपास बंद होतो, विमान गपचिप खाली येतं, अन् शेडच्या डोक्यावर आलं की एकदम भर्रर्र करून वर जातं. त्या भर्ररनंच पक्षी उडतात.

गणितमास्तर_औसा
हे आधी सांगायला काय झालं होतं? पाऊण तास गेला माझा.

निवृत्त_तंत्रज्ञ
आता कळलं. हा आपत्कालीन उतरण्याचा सराव आहे. इंजिन बंद पडलं असं समजून पॉवर कमी करतात, मोकळं रान निवडतात, तिथं उतरतोय असं खालपर्यंत येतात आणि मग पूर्ण पॉवर देऊन वर. शिकणाऱ्याला हे यायलाच पाहिजे, त्यात चूक नाही. पण रान कोणतं निवडायचं हे शिकवणाऱ्याच्या हातात असतं. तुमच्या शेडशेजारी मोठं सपाट रान आहे का? काढणी झालेलं?

शेडवाला५०००
हो. चुलत्याचं आठ एकर. हरभरा निघाला फेब्रुवारीत.

निवृत्त_तंत्रज्ञ
झालं मग. दोन महिन्यांचा हिशोब जुळला. वरून बघणाऱ्याला ते आठ एकर म्हणजे पाटावर मांडलेलं ताट.

नियम असा, की चढण्या-उतरण्याव्यतिरिक्त दाट वस्तीवर ३०० मीटर, म्हणजे १००० फूट, आणि मोकळ्या भागात १५० मीटर, म्हणजे ५०० फूट, याच्या खाली उडायचं नाही. डीजीसीएनं, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, वेगळी परवानगी दिली असेल तर गोष्ट निराळी. धावपट्टीभोवतीचा नेहमीचा फेरा १००० फुटांवरून असतो, त्यानं पत्रा वाजत नाही. तेव्हा प्रश्न हा, की तुमच्या डोक्यावर ते ५०० च्या खाली येतात का, आणि येत असतील तर परवानगी आहे का.

उस्मानाबादी_शेळी
शेळीपालन करा. शेळी विमानाला भीत नाही. माझ्याकडं बोकड उपलब्ध.

मराठवाडा_ड्रोन_सेवा
ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंतच परवानगी. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फूट. २५० ग्रॅमच्या आतल्या नॅनो ड्रोनला लायसन लागत नाही. फवारणीसाठी संपर्क करा.

मोंढ्यातला
ड्रोनचं कोणी विचारलं नाही भाऊ.

पशुवैद्य_परभणी
पोस्टमॉर्टेम केलं का? एप्रिल आहे. ४१-४२ तापमानात मर होतेच. विमानवाला पहिलं हेच म्हणणार की उन्हानं मेले.

शेडवाला५०००
डॉक्टर साहेब, सकाळी साडेसातला कसला उष्माघात? पडदे वर होते, फॉगर चालू करायची वेळही झाली नव्हती.

पशुवैद्य_परभणी
मला पटतंय. पण मला पटून उपयोग नाही, कागदाला पटलं पाहिजे. उन्हाची मर दुपारनंतर होते, शेडभर विखुरलेली सापडते. गुदमरलेली एका जागी ढिगात सापडते, अंगावर नख्यांचे ओरखडे असतात, फुप्फुसात रक्त साकळलेलं असतं. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याकडून पंचनामा आणि शवविच्छेदन त्याच दिवशी व्हायला पाहिजे होतं. पक्षी ठेवलेत का?

शेडवाला५०००
कुठं ठेवणार? शेडमागच्या नाल्यात टाकले. घारी अन् कुत्र्यांनी दोन दिवसात संपवले.

निवृत्त_तंत्रज्ञ
अरे देवा. हे पुन्हा कुठं बोलू नका, आणि पुन्हा करूही नका. विमान नियम १९३७ चा नियम ९१. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत पक्षी गोळा होतील अशी घाण टाकायला मनाई आहे. दीड किलोमीटरवर तुम्ही १८७ कोंबड्या उघड्यावर टाकून घारी बोलावल्या. उद्या एक घार इंजिनवर आदळली तर भरपाई कोण कोणाला देणार? तक्रार करायच्या आधीच त्यांच्या हाती काठी दिलीत.

गोदाकाठ
म्हणजे आता शेतकऱ्याचीच चूक. वा. विमानवाले मोकळे.

निवृत्त_तंत्रज्ञ
मोकळे म्हणलो का मी? खड्डा काढा, चुना टाका, माती लोटा. एवढंच म्हणतोय.

बॅचमागं_बॅच
सगळे विसरलेत ते विचारतो. पक्षी स्वतःचे का कराराचे?

शेडवाला५०००
कराराचे. आता सगळ्यांचेच कराराचे असतात, त्यात काय सांगायचं.

बॅचमागं_बॅच
तेच सांगायचं होतं मालक! पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. मेलेला पक्षी पण कंपनीचा. तुमचं नुकसान वाढवणुकीच्या दरात. माझ्या करारात मर ठरलेल्या टक्क्यांच्या वर गेली की किलोमागं पैसे कापतात, अन् १८७ पक्ष्यांनी जे खाद्य खाल्लं त्याचा बोजा उरलेल्यांच्या वजनावर पडतो. म्हणजे १८७ गुणिले बाजारभाव असा आकडा नोटिशीत टाकला तर पहिल्याच उत्तरात उडेल. करार काढून वाचा. सुपरवायझरला बोलवून मरनोंदीच्या कार्डावर कारण लिहून घ्या, सही घ्या. "विमानाच्या आवाजाने ढीग" असं. तो कां-कू करील, चहा पाजा.

दुसरं, शेडमध्ये आडवी जाळी मारा, चार कप्पे करा. पाच हजाराचा एकच कप्पा असला की सगळे एका कोपऱ्यात पळतात. कोपऱ्यात पत्रा वाकवून गोल करा. अन् पहिल्या दिवसापासून रेडिओ लावून ठेवा. माझं शेड रेल्वेच्या कडेला आहे, रेडिओवर वाढलेली पिल्लं गाडीला हलत पण नाहीत.

शेडवाला५०००
मी विचारलं भरपाईचं, तुम्ही माझं शेड नीट करायला लागले.

जालन्याचा_वाघ
एवढं काय विचारायचं. हिरवा लेझर मिळतो बाजारात. मारा कॉकपिटवर. दुसऱ्या दिवशी रस्ता बदलतील.

निवृत्त_तंत्रज्ञ
अॅडमिन, ही प्रतिक्रिया काढा. आत एकोणीस-वीस वर्षांचं पोरगं असतं, कदाचित एकटं. डोळे दिपले तर ते तुमच्याच गावावर पडेल. तुरुंगात जाल.

जालन्याचा_वाघ
गंमत केली.

गणितमास्तर_औसा
राग गेला, म्हणून परत आलो. उंची मोजायची सोपी रीत देतो. कोणतं विमान आहे बघा. सेसना १७२ असेल तर पंखांची लांबी ११ मीटर. विमान बरोबर डोक्यावर असताना डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर शाळेची पट्टी आडवी धरा. पंख पट्टीवर किती सेंटिमीटर दिसतात ते वाचा. ६६० ला त्या आकड्यानं भागा, उत्तर मीटरमध्ये. साडेचारच्या वर दिसले की विमान ५०० फुटांच्या खाली. दोघंतिघं वेगवेगळे मोजा, व्हिडिओ काढा, वेळ लिहा.

मोंढ्यातला
कोर्टात पट्टी घेऊन उभं राहायचं का मास्तर? मोबाइलवर विमानं दिसायचं ॲप आहे, त्यात उंची येते.

गणितमास्तर_औसा
ॲपवर छोटी शिकाऊ विमानं दिसतातच असं नाही. आणि दिसली तरी तिथली उंची समुद्रसपाटीपासूनची. आपला भागच समुद्रसपाटीपासून पाचसहाशे मीटरवर. ते वजा करायचं राहिलं तर विमान दोन हजार फुटांवर दिसेल आणि तुम्ही गप घरी जाल.

कोर्टाची_पायरी
पट्टीवर निकाल लागणार नाही, पण तक्रारीत तारीख, वेळ आणि अंदाजे उंची आली की समोरच्याला उड्डाणाची नोंदवही बघावी लागते. वहीत त्या वेळेला कोण उडत होतं ते असतंच. क्रम असा ठेवा. आधी संस्थेच्या मुख्य उड्डाण प्रशिक्षकाला लेखी पत्र, पोच घेऊन. प्रत डीजीसीएच्या मुंबई कार्यालयाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना. सोबत डीजीसीएकडे माहिती अधिकारात अर्ज, १० रुपये, की या संस्थेला ५०० फुटांखाली सरावाची परवानगी आहे का, असल्यास कोणत्या क्षेत्रात. ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. संस्था खाजगी असली तरी डीजीसीए सरकारी आहे. नोटीस त्यानंतर.

शेडवाला५०००
चार दिवस फोन बंद ठेवला होता, म्हणून उशीर.

पट्टीनं मोजलं. मी, माझा मुलगा अन् चुलता. विमानावर नाव वाचता येतं इतकं खाली, १७२ च आहे. बुधवारी मला ६, पोराला ५.८, चुलत्याला २ दिसले. चुलत्यानं पट्टी नाकाजवळ धरली होती. मास्तरांच्या हिशोबानं ११० मीटर, साडेतीनशे फुटांच्या वर.

पत्र घेऊन गेलो. या वेळी वॉचमनला पोच मागितली तर आत सोडलं. प्रशिक्षक मॅडम होत्या, नीट बोलल्या. वरून ते शेड त्यांना गोदाम वाटायचं, आत जीव आहेत हे माहीत नव्हतं. नकाशावर माझ्याकडून खूण करून घेतली अन् तिथला सराव थांबवते म्हणल्या. भरपाईचं विचारलं तर म्हणल्या ते वर कळवावं लागंल, अन् पोस्टमॉर्टेमचा कागद मागितला. माझ्याकडं नव्हता. नाल्याचं मी काही बोललो नाही, त्यांनी विचारलंही नाही.

काल सकाळी आले नाहीत. आज एकदा आले, पण वरून.

सुपरवायझरनं कार्डावर नुसतं "ढीग" लिहिलं, विमान लिहायला तयार नाही. चहा दोनदा पाजला.

बॅचमागं_बॅच
जेवू घाला. अन् माल उचलायच्या आत सही झाली पाहिजे, गाडी गेल्यावर तो फोन उचलणार नाही.

पशुवैद्य_परभणी
पुन्हा मर झाली तर दोनतीन ताजे पक्षी बर्फात घालून घेऊन या. नाल्यात नको.

गणितमास्तर_औसा
चुलत्यांना म्हणावं, हात पूर्ण लांब करा.